चेहऱ्यावर किती हात फिरवावा? लाइटरूमच्या पोर्ट्रेट मास्कचे परीक्षण

ॲडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑक्टोबर २०२२ च्या आवृत्तीपासून फोटोतली माणसे ओळखून त्यांचे मास्क, म्हणजे बदल फक्त तेवढ्याच भागापुरता ठेवणाऱ्या निवडी, आपोआप करून देणारी सोय आली. पोर्ट्रेट, लग्नसमारंभ आणि मॉडेलिंगचे काम करणाऱ्यांसाठी अलीकडच्या काळात आलेल्या सोयींपैकी ही सर्वांत उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. तिची स्तुती बहुधा वेगासाठी होते. माझ्या दृष्टीने तिचे मोल वेगात कमी आणि मोजमापात जास्त आहे: त्वचेवर किती काम करायचे हे तिच्यामुळे आकड्यांत ठरवता येते, एका फोटोवर ठरवलेले प्रमाण पुढच्या शेकडो फोटोंवर तसेच ठेवता येते आणि मूळ फाइलला धक्का न लावता केव्हाही मागे घेता येते. हे परीक्षण संपूर्ण लाइटरूमचे नसून फक्त या सोयीचे, आणि तेही त्वचेपुरतेच आहे.

मास्किंगमध्ये गेले की फोटोतली माणसे छोट्या गोल चित्रांत समोर येतात. हवी ती व्यक्ती निवडल्यावर चेहऱ्याची त्वचा, अंगाची त्वचा, भुवया, डोळ्यांचा पांढरा भाग, बुबुळे, ओठ, दात आणि केस असे भाग वेगवेगळे निवडता येतात. दाढी-मिशा आणि कपडे यांची भर एप्रिल २०२३ मध्ये पडली. ही भर किरकोळ वाटली तरी पुरुषांच्या पोर्ट्रेटमध्ये तिने मोठा फरक पडतो, कारण गाल मऊ करताना दाढीही मऊ झाली की ते डोळ्याला लगेच खटकते. पूर्वी हे सारे ब्रशने रंगवावे लागे. एखाद्या फोटोला ते जमे, पण अल्बमसाठी निवडलेल्या सगळ्या फोटोंना जमत नसे, आणि मग घाईत संपूर्ण फोटोवरच सरसकट मऊपणाचा थर चढवला जाई. आता एका फोटोवरचा मास्क इतर फोटोंवर सिंक केला, म्हणजे त्यांनाही लागू केला, की प्रत्येक फोटोतला चेहरा नव्याने शोधला जातो. मोठ्या ग्रूप फोटोत मागच्या रांगेतले अर्धवट झाकलेले चेहरे अधूनमधून सुटतात; ते हाताने जोडून घ्यावेत.

मास्कच्या आत काय करायचे, हा खरा प्रश्न. त्यासाठी टेक्स्चर आणि क्लॅरिटी या दोन स्लायडरमधला, म्हणजे सरकवून आकडा कमी-जास्त करायच्या पट्ट्यांमधला, फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक बिघडलेल्या पोर्ट्रेटचे मूळ तेथेच असते. क्लॅरिटी उणे केली की मधल्या छटांमधला उठाव मोठ्या पट्ट्यात कमी होतो. त्यामुळे गालाचे हाड, नाकाची कड, हनुवटीखालची सावली, म्हणजे ज्यांच्यामुळे माणूस ओळखू येतो त्या गोष्टीच विरघळू लागतात आणि त्वचेवर धुकट चमक येते. टेक्स्चर हा स्लायडर मे २०१९ मध्ये आला. तो तयार करणाऱ्यांनी सुरुवात त्वचा मऊ करण्याचे साधन म्हणूनच केली होती. पुढे तो दोन्ही दिशांना चालणारा करण्यात आला. तो मधल्या आकाराच्या तपशिलांवर काम करतो. खडबडीतपणा आणि उठून दिसणारी छिद्रे निवळतात, पण अगदी बारीक पोत आणि प्रकाश-सावलीची मोठी रचना बऱ्याच अंशी जागेवर राहते. फोटोशॉपमध्ये फ्रीक्वेन्सी सेपरेशन करणाऱ्यांना हे तत्त्व ओळखीचे आहे, कारण तेथेही छटांचा थर आणि पोताचा थर वेगळे काढून त्यांवर स्वतंत्रपणे काम केले जाते.

माझे प्रमाण सांगतो. मऊ प्रकाशात घेतलेल्या पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याच्या त्वचेवर टेक्स्चर उणे १५ ते उणे २५ आणि क्लॅरिटी शून्य, फार तर उणे ५. वयस्क व्यक्तींसाठी टेक्स्चर उणे १० च्या पुढे मी नेत नाही. उणे ४० ओलांडले की गालावरची लव आणि ओठांवरच्या बारीक रेषा दिसेनाशा होतात, कपाळ मेणाचे वाटू लागते, आणि मग मान व हात वेगळ्याच माणसाचे असावेत असा भास होतो. सोबत मिळणारे त्वचेचे तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या बदलांचे संच, वापरायला हरकत नाही, पण ते पूर्ण मात्रेत ठेवू नयेत. प्रीसेटची मात्रा कमी-जास्त करणारा स्लायडर जून २०२२ पासून उपलब्ध आहे आणि मी तो १०० वरून निम्म्याच्याही खाली आणतो. डाग शोधण्यासाठी शंभर टक्के झूम योग्य असतो, पण प्रमाण ठरवताना फोटो पूर्ण दिसेल एवढा लहान करूनच पाहावा, नाहीतर प्रत्येक छिद्र हा दोष वाटू लागतो. छपाईचाही विचार हवा. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ४००० बाय ६००० असते. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले जवळजवळ सगळे कागदावर उतरते, आणि अल्बम हातात घेऊन पाहिला जातो तेव्हा पुसलेला पोतही तितकाच उघडा पडतो. फोनच्या पडद्यावर खपून गेलेले काम कागदावर खपत नाही.

काय काढायचे आणि काय ठेवायचे, यासाठी पोर्ट्रेटच्या धंद्यातला जुना नियम मला आजही पुरेसा वाटतो: पंधरा दिवसांत आपोआप जाणारी गोष्ट काढावी, कायमची गोष्ट ठेवावी. मुरूम, दाढी करताना झालेली जखम, डास चावल्याची गांधी, चष्म्याने नाकावर पडलेले वळ हे हीलने, म्हणजे आजूबाजूच्या त्वचेच्या आधारे डाग झाकणाऱ्या साधनाने, काढावे. तीळ, जुना व्रण, कोडाचे डाग, सुरकुत्या आणि ज्येष्ठांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण त्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय काढू नयेत. डोळ्यांखालची वर्तुळे यांच्या मधे येतात. तेथे एक्स्पोजर (उजळपणाचे प्रमाण) ०.२० ते ०.३० एवढे वाढवून ती हलकी करावीत, नाहीशी करू नयेत, कारण त्या खळग्यामुळेच डोळ्याला खोली असते.

या ठिकाणी यंत्राची मर्यादा लक्षात येते. एका स्टुडिओतून छापून आलेल्या एका आजींच्या फोटोत हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके सापडेनात. रीटच करणाऱ्या मुलाने ते डाग समजून हीलने काढले होते. घरच्यांनी फोटो परत पाठवला तेव्हा आजींचा चेहराच बदलल्यासारखा वाटतो, एवढेच त्यांना सांगता येत होते. काय गेले आहे हे धाकट्या सुनेच्या लक्षात आले. चेहऱ्याच्या त्वचेचा मास्क गोंदण, टिकली, कुंकू आणि नथीच्या मोत्यांची कड यांना नेहमीच वेगळे काढत नाही. टेक्स्चर उणे केले की चंद्रकोरीची धारदार कड मवाळ होते आणि मोत्यांवरचा झगमगाट मंदावतो. उपाय सोपा आहे: मास्कमधून वजा करण्याचा ब्रश घेऊन कपाळाचा मध्य आणि नाकपुडीचा भाग मोकळा करावा. नऊवारीतल्या वधूच्या प्रत्येक जवळच्या फोटोवर मी हे करतो, आणि त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

त्वचेच्या रंगाबाबत मात्र मला कोणतीही तडजोड मान्य नाही. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई किंवा मावशी हमखास म्हणते, “दादा, जरा उजळ करून द्या ना.” चेहऱ्याच्या मास्कमुळे हे काम एका स्लायडरचे झाले आहे, म्हणूनच ते अधिक जपून हाताळावे लागते. फोटो मुळातच काळवंडलेला असेल तर दुरुस्ती संपूर्ण फोटोची करावी. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरले की व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि एक्स्पोजर दोन्हींना आधार मिळतो, आणि सावळ्या त्वचेचा खरा, तांबूस झाक असलेला रंग त्यात सुंदर उमटतो. त्यानंतरही चेहऱ्यावर एक्स्पोजर वाढवायचेच असेल तर अंगाची त्वचाही सोबत निवडावी, नाहीतर उजळलेला चेहरा आणि मूळ रंगाचे मेंदीचे हात एकाच फोटोत येतात. गोरेपणाची उत्पादने विकणाऱ्या जाहिरातींसाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि २०२० साली विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने शोधातली त्वचेच्या रंगाची अट काढून टाकली. स्टुडिओच्या टेबलावर तो बदल अजून पुरता पोचलेला नाही, आणि तो पोचवणे आपल्याच हातात आहे. मी आईला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवतो: एक नीट प्रकाशलेला, दुसरा चेहरा उजळवलेला. मुलगी बहुतेक वेळा पहिला निवडते.

मॉडेलच्या कामात प्रमाण उद्देशावर ठरते. एजन्सीला पाठवायच्या साध्या ओळख-फोटोंवर, ज्यांना या क्षेत्रात पोलरॉइड किंवा डिजिटल्स म्हणतात, त्वचेचे रीटचिंग अजिबात करू नये. निवड करणाऱ्याला खरी त्वचाच पाहायची असते. जाहिरातीत हात मोकळा असतो, पण तेथेही सीमा आखल्या जात आहेत. ब्रिटनमधल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०११ मध्ये फाउंडेशनच्या दोन जाहिराती रोखल्या, कारण त्यांतली त्वचा उत्पादनामुळे तशी दिसते की रीटचिंगमुळे, हे सिद्ध करता आले नाही. नॉर्वेत जुलै २०२२ पासून शरीराचा आकार, बांधा किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर तशी खूण छापणे सक्तीचे आहे. त्याउलट गेटी इमेजेसने ऑक्टोबर २०१७ पासून बांधा बदललेले फोटो नाकारले, पण त्वचेवरचे डाग काढायला मुभा ठेवली. मला नॉर्वेची भूमिका अधिक पटते, विशेषतः जेथे त्वचेसाठीच काही विकले जात असेल तेथे. क्रीमच्या जाहिरातीतली त्वचा टेक्स्चर उणे ६० ने तयार झाली असेल, तर ग्राहकाला विकले जाते ते क्रीम नसते.

सौंदर्यप्रसाधनांच्या अगदी जवळून घेतलेल्या फोटोंना लाइटरूम पुरत नाही. तेथे १६ बिटची, म्हणजे छटांचा तपशील जास्त असलेली, फाइल फोटोशॉपमध्ये नेऊन दोन कर्व्ह थरांवर डॉज-बर्न, म्हणजे लहान लहान जागा हाताने उजळ किंवा गडद, करावे लागते. छिद्रांना हात न लावता त्यांच्याभोवतीची असमान छटा सारखी करण्याचा तोच प्रामाणिक मार्ग आहे, आणि त्याला एका फोटोमागे तासन्तास लागतात. मे २०२४ मध्ये आलेली जनरेटिव्ह रिमूव्हची (नको ती गोष्ट काढून ती जागा एआयने भरण्याची) सोय पार्श्वभूमीतली वायर काढायला उत्तम, परंतु चेहऱ्यावर मी ती वापरत नाही, कारण ती त्या जागी नवी त्वचा रचते आणि शेजारच्या पोताशी तिचा मेळ बसेलच असे नाही. साधे हील मुरमासाठी पुरेसे आहे. जुन्या संगणकावर हे मास्क तयार होताना बराच वेळ जातो, त्यामुळे चांगले ग्राफिक्स कार्ड नसेल तर शेकडो फोटोंचे सिंक रात्रीवर टाकावे.

लाइटरूम वर्गणीवरच मिळते, आणि वर्षातून दोन-चार पोर्ट्रेट करणाऱ्याला ती जड वाटेल. नियमित काम करणाऱ्याने मात्र चाचणीच्या सात दिवसांत एक प्रयोग जरूर करावा: घरातल्या तीन पिढ्यांचे चेहरे खिडकीजवळच्या एकाच प्रकाशात टिपावेत, तिघांवर टेक्स्चर उणे २० ठेवावे, प्रिंट काढावेत आणि कोणाच्या चेहऱ्यावर ते जास्त झाले हे त्यांनाच विचारावे.