तेच लाल औषध, चरबीच्या पिशवीत

सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी मी साध्या डॉक्सोरुबिसिनच्या चार केमो घेतल्या. आजार परतला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "औषध तेच, पण लायपोसोमल देऊ." म्हणजे तेच लाल पाणी, पण चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं. त्याच्या चार मात्रा आता झाल्या. दोन्ही औषधं सोसलेल्या बाईचं हे मत आहे, तज्ज्ञाचं नाही.

आधी केसांचं सांगते, कारण सगळ्या तेच विचारतात. मागच्या वेळी तिसऱ्या आठवड्यात उशीवर पुंजके यायला लागले होते. या वेळी विरळ झाले, पण कंगवा अजून लागतो. ओकाऱ्याही कमी. खरा फायदा मात्र दिसत नाही, तो हृदयाचा. साध्या डॉक्सोरुबिसिनचा हिशेब जन्मभराचा असतो. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. माझे २४० आधीच खर्च झाले होते. गेल्या महिन्यातला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पहिल्यासारखाच आला. यासाठी पैकीच्या पैकी गुण.

आता जाहिरातीबद्दल. मला मिळालेल्या पत्रकात 'थेट गाठीवर मारा' असं छापलं होतं. तसं काही नसतं. पिशवीला कर्करोग ओळखता येत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, फटी राहिलेल्या असतात. साधारण शंभर नॅनोमीटरची पिशवी त्या फटींतून आत शिरते आणि बरीचशी तिथेच रेंगाळते. हृदयातल्या वाहिन्यांची वीण घट्ट, म्हणून तिथे ती फारशी शिरत नाही. एवढंच. पिशवीवर पॉलिएथिलीन ग्लायकोल नावाच्या रसायनाचं अस्तर असतं, त्यामुळे यकृत आणि प्लीहा तिला लगेच उचलत नाहीत आणि औषध दिवसच्या दिवस रक्तात फिरत राहतं. अशा पिशव्या पहिल्यांदा ब्रिटिश शास्त्रज्ञ अॅलेक बँगहॅम यांना १९६० च्या दशकात दिसल्या, आणि त्यांत भरलेलं हे औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९५ साली. म्हणजे 'नवं तंत्रज्ञान' म्हणून कुणी डोळे विस्फारले तर तेवढ्यापुरतं हसून घ्यावं.

या दिवसच्या दिवस फिरण्याची किंमत तळहात-तळपाय मोजतात. दुसऱ्या मात्रेनंतर दहाव्या दिवशी तळवे हुळहुळायला लागले. मी दुर्लक्ष केलं, गरम पाण्यात भांडी घासली, बरणीचं घट्ट झाकण जोर लावून उघडलं. दोन दिवसांत हात लालभडक, बोटांच्या पेरांवर फोड, टाचेची कातडी सालीसारखी निघालेली. शर्टाचं बटण लावता येईना. तिसरी मात्रा दोन आठवडे पुढे ढकलली आणि पाव भागाने कमी केली. हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. संमतीच्या कागदावर 'त्वचेचे परिणाम' असे दोन शब्द होते, त्यांवर मी सही केली होती.

नंतर वाचलं. दोन्ही औषधांची तुलना ५०९ बायकांवर झाली होती, निकाल २००४ मध्ये छापून आले. आजार रोखण्यात दोन्ही जवळपास सारखी. केस गळणं साध्यात ६६ टक्के, लायपोसोमलमध्ये २० टक्के. हातापायांचा हा त्रास साध्यात २ टक्के, लायपोसोमलमध्ये ४८. म्हणजे दुखणं गेलं नाही, त्याने फक्त जागा बदलली. तरी दगडापेक्षा वीट मऊ. कातडी पुन्हा येते, हृदय येत नाही.

पहिल्या मात्रेच्या वेळी सांभाळा. सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, चेहरा तापला, कंबरेत कळ आली, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. सिस्टरनी लगेच थांबवलं, इंजेक्शनं दिली, अर्ध्या तासाने अगदी सावकाश पुन्हा सोडलं. पुढच्या तिन्ही वेळी तासाभरात निर्विघ्न पार पडलं. अंगावर काही वेगळं जाणवलं तर संकोच न करता हाक मारा. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर मात्र घाबरू नका, तो औषधाचाच रंग.

आणखी एक गंमत. आपण लटकवलेल्या प्रत्येक बाटलीला 'सलाईन' म्हणतो, पण हे औषध नेमकं सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, चालत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यातच, मिसळावं लागतं. साधं आणि लायपोसोमल एकमेकांच्या जागी देताही येत नाही, दोघांच्या मात्रा वेगळ्या. म्हणून मी दर वेळी बाटलीवरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचून घेते. एक सिस्टर वैतागतात, मी ऐकत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या संमतीच्या कागदाने घालवला, बाकीचा टाचांनी. पाचवी मात्रा पुढच्या मंगळवारी आहे. तोवर सैल चपला, कोमट पाणी, दिवसातून तीनदा मलम, आणि बरण्यांची झाकणं दुसऱ्या कुणीतरी उघडायची.