क्लच न उघडताच घेतलेले क्लचचे पैसे

माझी गाडी 2015 सालची, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक आहे आणि हा प्रकार घडला तेव्हा ती 61 हजार किलोमीटर चालली होती. नाशिक ते सिन्नर हा नोकरीचा रोजचा प्रवास मी तिनेच करतो. गेल्या पावसाळ्यात तिच्यातून दोन आवाज येऊ लागले. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून दोन-तीन मिनिटे कर्कश चिरचिर ऐकू येई आणि क्लच दाबताना पायाशी जुन्या बिजागरीसारखी कुरकुर होई. घराजवळच्या गॅरेजमध्ये मी "इंजिनमधून आणि क्लचमधून आवाज येतो" असे एका दमात सांगून टाकले. पुढचा सगळा व्यवहार त्या एका वाक्यावर उभा राहिला.

गॅरेजमालक गाडीतून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "साहेब, रिलीज बेअरिंग गेलंय, प्लेटही संपत आलीय. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर पूर्ण सेट टाकून घ्या, नाहीतर मोहदरी घाटात अडकाल." क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती), तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून त्याने 14,500 रुपये सांगितले. सकाळच्या चिरचिरीचे काय, असे विचारल्यावर क्लचचाच आवाज इंजिनपर्यंत जातो, असे उत्तर मिळाले. घाटाचे नाव काढल्यावर माझी शंका विरली, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा दोन्ही आवाज बंद होते. मी मागण्याआधीच त्याने गोणपाटात गुंडाळलेली जुनी प्लेट माझ्या हाती दिली. तिचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले होते. जुना सुटा भाग परत मागावा, एवढे मला ठाऊक होते. परंतु तो आपल्याच गाडीचा आहे का, हे पाहावे लागते, हे ठाऊक नव्हते.

नवव्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि सकाळी चिरचिर पुन्हा सुरू झाली. या वेळी मी गाडी सिन्नरच्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवूनच क्लचचे पेडल चार-पाच वेळा दाबले. थोडी कुरकुर आलीच. "इंजिन बंद असताना रिलीज बेअरिंग फिरतं का हो?" असे त्यांनी मलाच विचारले. तो आवाज पेडल ज्या खिळीवर हलते तिथल्या कोरड्या बुशचा, म्हणजे खिळीभोवतीच्या नळीसारख्या अस्तराचा होता. आधीच्या गॅरेजने तिथे तेलाचे दोन थेंब सोडून वेळ मारून नेली होती. मग त्यांनी इंजिन सुरू करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. रिलीज बेअरिंग खराब असेल तर पेडल दाबल्यावर, त्यावर भार येताच घरघर ऐकू येते. उलट पेडल सोडलेले असताना आवाज येत असेल आणि दाबताच थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनकडून ताकद घेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्यावा लागतो. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते. पेडलला पाय न लावता चिरचिर चालूच होती आणि एसी व हेडलाइट लावताच ती वाढली.

यानंतर त्यांनी बाटलीतून थोडे पाणी इंजिनवरच्या फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर उडवले; वीज तयार करणारा अल्टरनेटर याच बेल्टवर फिरतो. आवाज क्षणभर थांबून परत आला असता तर बेल्ट झिजलेला किंवा पुली तिरकी, असा अर्थ निघाला असता. आमचा आवाज वाढला, म्हणजे ताण कमी पडून बेल्ट घसरत होता. गाडी सुरू झाल्यावर बॅटरी भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर भार येतो, त्यात पावसाळ्यातला ओलावा, म्हणून हा त्रास सकाळीच अधिक जाणवतो. इंजिन बंद केल्यावर मी बेल्टला बोट लावले, तर ते चिकट झाले. घसरण तात्पुरती थांबवणारा फवारा मारून आधीच्या गॅरेजने गाडी माझ्या हवाली केली होती. ताण देणारी पुली हाताने फिरवली तेव्हा ती खरखरत होती. बेल्ट, पुली, बुशचे ग्रीस आणि मजुरी मिळून 2,600 रुपये लागले.

क्लच खरोखर बदलला होता का, हा मूळ प्रश्न गाडी वर उचलल्यावर सुटला. गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांवर कित्येक पावसाळ्यांचा वाळलेला चिखल आणि गंज जसाच्या तसा होता. पान्याचा एक ओरखडाही नव्हता. शिवाय माझ्या गाडीत गिअरबॉक्स उतरवण्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) काढावे लागतात, त्यासाठी गिअरबॉक्समधले तेल काढून पुन्हा भरावे लागते, आणि गॅरेजने दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीत तेलाचा उल्लेखच नव्हता. शेजारच्या दुकानातून माझ्या मॉडेलची नवी प्लेट मागवून ती गोणपाटातल्या प्लेटवर ठेवली, तर खालची प्लेट कडेने जवळजवळ बोटभर बाहेर राहिली. ती माझ्या गाडीत बसलीच नसती. शेवटी हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून मेकॅनिक काकांनी क्लच हळूहळू सोडला आणि इंजिन लगेच बंद पडले; क्लच घसरत असता तर ते चालू राहिले असते. म्हणजे माझा मूळचा, कधीही न उघडलेला क्लच ठणठणीत होता.

मी पहिल्या गॅरेजमध्ये परत गेलो तेव्हा "पोरानं चुकून दुसरीच जुनी प्लेट दिली असेल," असे मालक म्हणाला. माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरवून नवा सेट दाखवा, असे म्हटल्यावर मात्र त्याला वेळ नव्हता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे तीही तयारी चालू आहे. अडचण पुराव्याची आहे. माझ्याकडे पक्के बिल नाही. जी चिठ्ठी आहे तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना सुट्या भागांचे क्रमांक, ना गाडीचा नंबर. "पक्कं बिल घेतलंत तर कर वाढेल," या बोलण्याला मी हो म्हटले होते. आगाऊ दिलेले 5,000 रुपये मोबाइलवरून गेल्यामुळे त्यांची नोंद सापडली. उरलेले 9,500 रुपये मी रोख दिले होते, हे आता मलाच सिद्ध करायचे आहे.