१५०-६०० आणि हळदी-कुंकू बदक : सहा महिन्यांनंतर

दसऱ्याला कॅमेऱ्याची १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली, उडते पक्षी टिपायला. आईने तिला झेंडूचं फूल वाहिलं, हळदी-कुंकू लावलं (हूडला, म्हणजे पुढच्या ऊन अडवणाऱ्या कड्याला, काचेपासून लांब), आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक रविवारी ती हळदी-कुंकू बदकावरच रोखलेली होती. हा योगायोग घरात अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या मापाच्या लेन्सा दोघा-तिघांच्या आहेत आणि अनुभव थोड्याफार फरकाने तोच येतो.

उजनीच्या पाण्याकाठी भिगवणला जाऊन फ्लेमिंगोच्या फोटोवरून लेन्स चांगली ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एवढा लांबलचक, संथ पंखांचा आणि सरळ रेषेत जाणारा पक्षी कुठलीही बरी लेन्स पकडते. बदक जड, त्याचे पंख आखूड, आणि ते सुटतं ते गोफणीतल्या दगडासारखं. त्यात हळदी-कुंकू बदक बारमाही. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हिवाळ्यात येऊन जातात, हे मात्र पुण्याजवळ मुळा-मुठेकाठी कवडीपाटला कधीही भेटतं. सरावाला यापेक्षा सोयीचं काही नाही.

पहिल्या रविवारी ४१२ फोटो काढले, बरे निघाले ९. लेन्सला शिव्या घातल्या. खरी अडचण अशी की माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे ६०० ला फ्रेम ९०० मिमीच्या लेन्सएवढी अरुंद. बदक उठायचं आणि मी व्ह्यूफाइंडरमध्ये आभाळ धुंडाळत बसायचो. आता ३०० च्या आसपास पक्षी पकडतो, दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि तो फ्रेममध्ये टिकला की मगच झूम करतो. फोकस किती अंतरात शोधायचा हे ठरवणारं बटण, फोकस लिमिटर, १० मीटर ते अनंत. तो लावेपर्यंत फोकस मधल्या बोरूवर जाऊन अडकायचा आणि परत येईस्तोवर बदक लोणी काळभोरला पोचलेलं असायचं.

दुसरा धडा भिगवणच्या होडीवाल्या दादांनी दिला. मी होडीत ऐटीत बसलो होतो. ते म्हणाले, "सर, बदक वाऱ्याकडं तोंड करून उठतंय, उतरतंय बी तसंच. तुम्ही नुसत्या शेपट्या काढताय." तेव्हापासून वारा पूर्वेचा असेल तर सकाळी ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन बसतो. उतरणारी बदकं मग समोरून अंगावर येतात. उठण्याआधी ती चरायचं थांबवतात, माना ताठ करतात, डोकी झटकतात. ते दिसलं की बोट बटणावर. लालसरी हे बदक पाण्यावर धावत उठतं, तिथे थोडा वेळ मिळतो. हळदी-कुंकू जागच्या जागी उसळतं, त्यामुळे फ्रेममध्ये वर जागा सोडावी लागते. फोटोसाठी होडी थव्यात घालायला लावणारे लोक पाहिलेत. त्यांच्या फोटोंत बदकांचा पार्श्वभागच असतो, आणि ते योग्यच आहे.

डिसेंबरात वाटलं लेन्सच बिघडली. लांबचे सगळे फोटो साबण लावल्यासारखे. सर्व्हिस सेंटरने तपासून दोष नाही म्हणून परत दिली. दोष हवेचा होता. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि ६०० ला ती थरथर चांगली मोठी होऊन येते. उबदार गाडीतून काढलेली लेन्स गार हवेत लगेच वापरली तरी हूडमध्ये तोच खेळ चालतो. आता पोचल्यावर पंधरा मिनिटं ती बाहेर निवू देतो, तेवढ्यात चहा होतो.

६०० ला लेन्सचं छिद्र एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही, प्रकाश कमी येतो, ही खरी मर्यादा. उजाडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात १/२५०० सेकंद शटरसाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) ४००० च्या वर जातो आणि पिसांचा तपशील पिठूळ होतो. साडेआठला तो ८०० वर येतो, पण तोवर हवा थरथरायला लागलेली. मधला तासभर काय तो आपला. गडद बदक उजळ आभाळावर असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवा. चक्रवाकाला मात्र वाढवू नका, पंखातलं पांढरं जळून जातं.

तक्रारी : दोन किलोच्या आसपास वजन, त्यामुळे पहिला महिना उजव्या खांद्याला आयोडेक्स. लेन्स खाली धरली की नळी आपोआप घसरते, चालताना लॉक लावावाच लागतो. नळी आत-बाहेर होते म्हणून धुळीची धास्ती, आतापर्यंत आत दोन कण मोजलेत, फोटोत दिसत नाहीत. मोनोपॉड (एकपायी स्टँड) वाया गेला, उडत्या बदकामागे तो पायात येतो. विकायला काढलाय.

मार्चमधला एक फोटो डेस्कटॉपवर लावलाय. पंखावरचा हिरवा पट्टा उन्हात पेटलेला, चोचीवर पिवळं टोक, मुळाशी लाल ठिपका, पायांतून पाण्याचे थेंब गळताहेत. खाली मुळा-मुठेचा फेस आणि त्यात दुधाची एक पिशवी. पिशवी मी क्रॉप केलेली नाही.