चाफा वापरून पाहिलं: टर्मिनलमध्ये फोटो दिसतात, पण टर्मिनल कुठलं त्यावर आहे सगळं

माझं काम असं की दिवसभर एसएसएचने लांबच्या सर्व्हरवर बसलेलो असतो, रात्री मॉडेल ट्रेनिंगला लावायचं आणि सकाळी बघायचं तर फोल्डरमध्ये पीएनजी आलेखांचा ढीग. तिथे डेस्कटॉप वगैरे काही नाही, मग एकेक फाइल एससीपीने खाली ओढा, उघडा, अरे हे तर चुकलंय, परत चालवा, परत ओढा. एके दिवशी याच ओढाओढीला वैतागून चाफा इन्स्टॉल केलं, टर्मिनलमध्येच म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतच फोटो दाखवणारं टूल. (खरा उच्चार काय असेल तो असो, मराठी माणूस चाफाच म्हणणार.) फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एपीटी किंवा ब्रू या इन्स्टॉल करायच्या कमांडने मिनिटभरात येतं, आणि वापरायला चाफा, स्पेस, फाइलचं नाव, एंटर, झालं काम.

पहिल्यांदा माझ्या जुन्या टर्मिनलमध्ये चालवलं तर फोटो आला, पण ठोकळ्यांचा. यामागची आयडिया मला फार आवडली. टर्मिनलमधला एका अक्षराचा चौकोन साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असतो, त्यात वरचा अर्धा भरलेला ठोकळा छापायचा, अक्षराला एक रंग आणि मागे दुसरा रंग द्यायचा, की एका अक्षरात दोन पिक्सेल बसतात. म्हणजे 80 बाय 24 च्या खिडकीत 80 बाय 48 पिक्सेल. बरीच टूल्स इथेच थांबतात. चाफा मात्र प्रत्येक चौकोन 8 बाय 8 चा धरतं आणि तिथे कुठलं चिन्ह सगळ्यात जास्त जुळतंय ते शोधतं, तिरपी रेघ असेल तर तिरपं काहीतरी, कोपरा असेल तर कोपरा, त्यामुळे तेवढ्याच जागेत चित्र बरंच जास्त रेखीव वाटतं.

माझ्या आलेखात निळी रेघ खाली खाली जात होती आणि केशरी रेघ अर्ध्यापर्यंत तिच्यासोबत येऊन मग हळूच वर वळली होती, एवढं ठोकळ्यांमध्येही स्वच्छ दिसलं. अक्षावरचे आकडे म्हणाल तर मुंग्या. पण ओव्हरफिट होतंय (ट्रेनिंगचा डेटा पाठ, नव्या डेटावर चुका वाढताहेत) हे कळायला आकडे लागत नाहीत, मी तिथल्या तिथे ट्रेनिंग बंद केलं. माझे पैसे इथेच वसूल, म्हणजे फुकटातले का असेनात 😄

आता खरेखुरे पिक्सेल हवे असतील तर टर्मिनलला चित्रं पाठवायची एखादी भाषा यायला पाहिजे. सगळ्यात जुनी सिक्सेल, डेक या कॉम्प्युटर कंपनीने 80 च्या दशकात आपल्या प्रिंटर आणि टर्मिनलसाठी काढलेली. एका अक्षरात सहा पिक्सेलची उभी पट्टी, प्रश्नचिन्ह म्हणजे सहाही रिकामे आणि टिल्ड म्हणजे सहाही भरलेले, म्हणून कच्चा डेटा उघडून बघितला तर प्रश्नचिन्हं आणि टिल्डांचा नुसता पाऊस. एवढी जुनी गोष्ट, पण फूट, वेझटर्म, कॉन्सोल या टर्मिनलांत चालते आणि विंडोज टर्मिनलमध्येही 1.22 पासून आली. दुसरी किटी या टर्मिनलची स्वतःची, तिच्यात पीएनजी आहे तसाच बेस64 (म्हणजे साध्या अक्षरांत) करून पाठवता येतो, रंग कमी करायची भानगड नाही. तिसरी आयटर्म2 या टर्मिनलची. चाफाला तिन्ही येतात आणि समोर कोण आहे ते बहुतेक वेळा स्वतःच ओळखतं, नाहीतर मायनस एफ (-f) ऑप्शनने सांगायचं. अलाक्रिटी टर्मिनलवाल्यांनी मात्र आशा ठेवू नका, त्यात यातलं काहीच नाही, ठोकळेच मिळतील.

जबरदस्तीने चुकीची भाषा लावली तर काही टर्मिनल सगळं गुपचूप गिळतात आणि काही पानभर कचरा ओकतात. माझ्या जुन्याने ओकला. रिसेट टाइप केलं (काय टाइप करतोय तेही दिसत नव्हतं) तेव्हा ताळ्यावर आलं.

आणि मग टीमक्स, एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवून देणारं टूल. इथे मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. टीमक्स स्क्रीनचा हिशोब अक्षरांच्या चौकोनात ठेवतं, चित्र हा प्रकार त्याच्या वहीतच नाही. 3.3 पासून अलाउ पासथ्रू (आलेलं न बघता तसंच पुढे जाऊ द्यायचं) नावाचं सेटिंग आलंय, पण ते मुळात बंद असतं, ते चालू केलं आणि चाफालाही पासथ्रू सांगितलं की चित्र येतं, पण पेन (टीमक्समधला खिडकीचा भाग) बदला की ते भुतासारखं तिथेच चिकटून बसतं नाहीतर अर्धं पुसलं जातं. 3.4 मध्ये सिक्सेल आलं खरं, पण टीमक्स बनवतानाच तो पर्याय चालू केलेला असेल तरच. किटीच्या भाषेत चित्राच्या जागी खास युनिकोड अक्षरं ठेवायची सोय आहे, मग टीमक्सला ती साधी अक्षरं वाटतात आणि चित्र स्क्रोलसोबत नीट सरकतं. टीमक्सशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांनी हाच रस्ता धरावा.

तक्रारी दोन. ऑप्शन इतके आहेत की हेल्प वाचताना चहा गार होतो, डिदर काय, सिम्बॉल काय, वर्क काय, मी त्यातले तीन वापरतो. दुसरं, जीआयएफ दिली तर ती मस्त हलते, पण कंट्रोल सी करेपर्यंत हलतच राहते, मी ती एका स्क्रिप्टमध्ये टाकली होती आणि स्क्रिप्ट पुढे का सरकत नाही म्हणून वीस मिनिटं लॉग चाळत बसलो. ड्युरेशन द्यायचं असतं, चूक माझीच.

टीमग आणि विउ ही अशीच दोन टूल्स पण वापरून पाहिली. व्हिडिओ बघायचा असेल तर टीमग घ्या. पण नवीन सर्व्हरवर पोचलो की मी चाफाच टाकतो, कारण समोरचं टर्मिनल कितीही दरिद्री असलं तरी हे काहीतरी दाखवतंच. फक्त नेट हळू असेल तेव्हा मोठा फोटो सिक्सेलमध्ये मागू नका, जेपीजीपेक्षा कितीतरी फुगतो आणि वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत राहतो. मी 100 बाय 40 साइजचा एलियस (कमांडचं छोटं नाव) करून ठेवलाय, नाव ठेवलंय बघू.