टाकीवाला प्रिंटर की कार्ट्रिजवाला?
वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसात रोज चलनं, बिलं, आधारच्या झेरॉक्स निघत असतील, तर टाकीवालाच, म्हणजे बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर घ्या. एप्सनच्या ००३ काळ्या बाटलीत ६५ मिली शाई. कंपनी साधारण ४,५०० पानं सांगते. एचपीच्या ६८२ काळ्या कार्ट्रिजला ४८०. मशीन महाग, पण रोजच्या छपाईत वसूल होतं.

मात्र टाकीवाल्याचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, मशीनमध्येच बसवलेलं. दिवाळीच्या सुट्टीत बंद राहिला की हेडची बारीक छिद्रं (नोझल) सुकू शकतात, मग हेड क्लीनिंगमध्ये शाई जाते. ६८२चं हेड कार्ट्रिजवरच असतं. नवं टाकलं की काम सुरू. महिन्याला चार कागद काढणाऱ्यांना तेच बरं.

शिवाय ००३ची काळी शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. ठाण्याच्या पावसात पाकीट भिजलं तर अक्षरं पसरतात, म्हणून दुकानात पिगमेंट (न विरघळणाऱ्या कणांच्या) काळ्या शाईचं मॉडेल आवर्जून मागा.