शहाबादीच्या फटीतली झाडं : लातूरच्या नर्सरीतून घेतलेल्या कपारीच्या ट्रेचा सव्वा वर्षाचा अनुभव

मागच्या वर्षी पाडव्याच्या आसपास लातूरच्या एका नर्सरीतून हा ट्रे घेतला, दीड हजाराला पडला. एक पावसाळा, एक हिवाळा अन् दोन उन्हाळे काढून झाले म्हणून आता सविस्तर लिहितेय, कारण मी घेताना कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नव्हता.

ट्रे म्हणजे सिमेंटचं दोन फुटी उथळ भांडं, त्यात शहाबादी फरशीचे तुकडे एकमेकांना खेटून उभे खोचलेत, मधे बोटभर फटी अन् त्या फटीत झाडं. आपल्याकडं घराघरात ही फरशी असते पण ती चुनखडकाची आहे हे लक्षात येत नाही, बाथरूम घासायचं ॲसिड सांडलं की फेस येऊन पांढरा डाग बसतो ना, तो त्याच्यामुळंच. गरम कोरड्या मुलखातल्या चुनखडकाच्या कड्यावर झाडं जशी राहतात तसं घरी करायचं ही नर्सरीवाल्या काकांची आयडिया, आणि मला ती मनापासून आवडली.

मुख्य झाड आहे क्वीन व्हिक्टोरिया अगेव्ह. आपल्या बांधावर केकताड असतं बघा, घायपात म्हणतात काहीजण, त्याच्याच कुळातलं, पण हे नारळाएवढं गोल, गच्च, अन् प्रत्येक पानाच्या कडेनं खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. मूळचं ईशान्य मेक्सिकोतलं, चिवावा वाळवंटाच्या भागातल्या चुनखडकाच्या कड्यांवरचं, १८७५ साली राणीवरून नाव पडलं. मॉन्टेरे शहराजवळ वास्तेका नावाची मोठी घळ आहे तिथल्या उभ्या कड्यावर असली अगेव्ह चिकटलेली असतात, त्याच घळीतून २००७ मधे एक अख्खी नवी जात नोंदवली गेली जिच्या पानांच्या टोकाला पांढऱ्या केसांचा झुपका असतो. इतकी वर्षं ती कुणाच्या नजरेत आली नाही कारण कडाच तसा, माणूस काय शेळीसुद्धा पोचत नाही, आणि म्हणूनच ती झाडं तिथं टिकली.

घरी आणल्यावर मला वाटलं झाड चुकून तिरकं लावलंय. सरळ करायला काकांना फोन केला तर म्हणले, "ताई, हात लावू नका त्याला, कड्यावर झाड आडवंच असतंय, पाणी गाभ्यात थांबत नाही." आणि खरंच, याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणाहून हेच झाड कोकोपीटमधे, म्हणजे नारळाच्या भुश्यात, सरळ लावलेलं घेतलं होतं, ते श्रावणात गाभ्यातून सडलं, पानं हातात निघून आली. हे तिरकं असलेलं सगळा पाऊस उघड्या गच्चीवर भिजलं अन् एक पान गेलं नाही.

याचं सगळं गणित फटीत आहे. पावसाच्या पाण्यात थोडा आंबटपणा असतो त्यानं चुनखडक हळूहळू विरघळतो, फट रुंदावते, त्यात धूळ पाचोळा साठतो आणि वर दगड तापला तरी आत खोल जरा गारवा ओल राहते, मूळ तिथं जातं. वर पान पाणी साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून रात्री उघडतं. वैशाखात दुपारी मी एक फरशीचा तुकडा हलवून बघितला, वरून हात लावता येत नव्हता पण खाली फटीत ओलसर गार होतं, आणि पाणी घालून नऊ दिवस झाले होते!! २०१६ ला ज्या गावानं मिरजेहून रेल्वेनं पाणी येताना बघितलंय त्या गावात हे लई मोठं आहे.

दुसरी गोष्ट बोअरचं पाणी. आमचं इतकं जड आहे की कुंड्यांवर पांढरा थर चढतो, गुलाबाची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, चुनखडीच्या रानात मोसंबीला होतं तसंच, मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही. कड्यावरच्या झाडांना चुन्याची सवयच असते, त्यांना काही झालं नाही. त्यातलं ब्रॅक्टिओसा म्हणून बिनकाट्याचं अगेव्ह आहे, त्याला तर तीन नवी पानं आली. लहान पोरं असतील घरात तर तेच मागा.

आता जे पटलं नाही ते. त्याच ट्रेच्या कोपऱ्यात हंसराज नावाचा नेचा लावला होता. हंसराजही चुनखडकावर येतो हे खरं, पण पाणी झिरपतं तिथं, सावलीत. कोरड्या झाडाशेजारी तो कसा जगणार, चैत्र संपायच्या आत वाळला. काकांना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं अन् बदल्यात ब्रॅक्टिओसाचं एक पिल्लू दिलं. खाली पाणी जायला एकच भोक, तेही सिमेंटनं अर्धं बुजलेलं, मला ड्रिल मारून घ्यावं लागलं. चिठ्ठीवर "कॅक्टस" लिहिलेलं, अगेव्ह कॅक्टस नाही, हे दुरुस्त करायला पाहिजे. वजन खूप, दोन माणसं लागतात उचलायला, गच्चीवर भिंतीच्या कडेलाच ठेवा.

आणि वाढीची घाई असेल तर घेऊ नका, सव्वा वर्षात व्हिक्टोरियाला मोजून चार पानं आली. फूल यायला वीसतीस वर्षं लागतात, एकदाच येतं, पुरुषभर उंचीच्याही वर दांडा जातो आणि मग ते झाड मरतं.

दसऱ्याला दुसरा ट्रे सांगितलाय, तीन भोकांचा, हंसराज नको म्हणून आधीच बजावलंय.