ॲन्सेस्ट्रीवरच्या मेडल रोल याद्या: झुलू युद्धाचं पदक घेण्याआधी किती उपयोगाच्या?

दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि झुलूंमध्ये झालेल्या 1879च्या झुलू युद्धाचं पदक लिलावात आलं की बोली लावण्याआधी पहिला प्रश्न असतो: कडेवर ज्याचं नाव कोरलंय तो शिपाई खरंच त्या मोहिमेत होता का? घरबसल्या उत्तर मिळवायची सर्वांत सोपी जागा म्हणजे ॲन्सेस्ट्री या वर्गणीवर चालणाऱ्या, पूर्वज शोधायच्या संकेतस्थळावरचा ‘यूके, मिलिटरी कॅम्पेन मेडल अँड अवॉर्ड रोल्स, 1793-1949’ हा संच. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्ध खातं) 100 मालिकेतल्या मेडल रोल म्हणजे पदक मिळालेल्यांच्या मूळ याद्यांची पानं इथे दिसतात. पाचपैकी साडेतीन गुण. शिपाई शोधायला फार चांगला, पदक पारखायला बिनकामाचा.

शोधाची खिडकी उघडल्यावर नाव, आडनाव, रेजिमेंट सगळं एकदम भरू नका. याद्या हाताने लिहिलेल्या, त्यांची पानं मायक्रोफिल्मवरून काळी-पांढरी उतरवलेली आणि सूची करणाऱ्याने जसं वाचलं तसं आडनाव चढलेलं. त्यामुळे नुसतं आडनाव टाकून सुरुवात करावी, नाही सापडलं तर शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा शेपटीला तारांकित चिन्ह वापरावं. निदान तीन अक्षरं खरी हवीत, नाहीतर शोध पुढे सरकत नाही. तरीही हाती काही आलं नाही तर ब्राउझमधून त्या रेजिमेंटची पानं एकेक करून उलटायची. कंटाळवाणं आहे, पण उशिरा दावा केलेल्यांच्या पुरवणी याद्या मुख्य यादीबाहेर असतात आणि अशा वेळी त्यांच्यातच नाव सापडण्याची शक्यता असते.

सूचीतल्या ओळीवर थांबलात तर अर्धं काम राहिलं. मूळ पान उघडायलाच हवं, कारण शिपाई क्रमांक, हुद्दा, क्लॅस्प (पदकाच्या फितीवरची सालाची धातूची पट्टी) आणि शेरा हे सगळं तिथे असतं. 24व्या फूट म्हणजे पायदळ रेजिमेंटच्या दोन बटालियन होत्या आणि त्यांच्या याद्या वेगळ्या, तेव्हा पदकावर 1/24 आहे की 2/24 हे आधी पक्कं करा. 1873नंतर ब्रेकनच्या ब्रिगेड डेपोतून भरती झालेल्यांच्या क्रमांकाआधी ‘25बी’ येतं, जुन्या शिपायांना ते नसतं. एकाच आडनावाचे दोघेतिघे निघाले की खरा माणूस क्रमांकावरूनच ठरतो. हुद्द्यातला फरक मात्र फार मनावर घेऊ नये, यादी होईपर्यंत शिपायाचा कॉर्पोरल झालेला असू शकतो.

शेऱ्याचा रकाना सगळ्यात मोलाचा. मृत, पळून गेला, पदक जप्त, पदक परत, अशा नोंदी तिथे सापडतात. यादी ‘परत’ म्हणत असेल आणि पदक मात्र तुमच्यासमोर मखमलीवर पडलेलं असेल, तर विक्रेत्याला कारण विचारा.

हे पदक 1877-79च्या मोहिमांचं, म्हणून क्लॅस्पचे सात प्रकार: 1877, 1877-8, 1877-9, 1877-8-9, 1878, 1878-9 आणि 1879. एका पदकावर एकच क्लॅस्प, मोहिमा कितीही असोत. सीमा न ओलांडता नाताळ या ब्रिटिश वसाहतीतच थांबलेल्यांना बिनक्लॅस्पचं पदक मिळालं, म्हणजे नुसती चकती दिसली तर क्लॅस्प हरवला असं लगेच समजू नका. यादीचा रकाना पाहा, मग ठरवा.

आता या संचाची खरी मर्यादा. यादी कुणालाही दिसते, तशी ती नाव कोरणाऱ्यालाही दिसते. इसांडलवानाच्या लढाईत 22 जानेवारी 1879 रोजी पडलेला 24व्याचा शिपाई म्हटलं की किंमत कितीतरी पटीने चढते. त्याच दिवशी सुरू झालेल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईसाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, तिथल्या माणसाचं पदक म्हणजे तर विचारायलाच नको. एखादं साधं पदक घ्यायचं, नाव घासायचं आणि यादीतलं नाव कोरायचं, की नाव ‘यादीत सापडतं’. ते सापडणारच, तिथूनच तर उचललंय.

म्हणून चकती हातात घेऊन तपासावी लागते. चांदीचं हे पदक 36 मिमी व्यासाचं असतं. व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी माप घ्या. कड घासलेली असली तर व्यास कमी भरतो, शिवाय वरच्या पकडीजवळ कानस नीट पोचत नाही म्हणून तिथे जुनी जाडी उरते. दिवा बाजूने तिरका धरून भिंगातून पाहिलं तर पुसलेल्या अक्षरांच्या सावल्या दिसू शकतात. या मोहिमेच्या पदकांवर नावं कोरलेली असतात, 1853च्या पदकांवर ती ठशाने दाबलेली असत. मागच्या बाजूला सिंहाखाली 1853 हे साल असेल तर ते आधीच्या युद्धांचं पदक. 1877-79च्या पदकावर सालाऐवजी झुलू ढाल आणि असेगाई भाले आहेत. सालवाल्या पदकाला 1879चा क्लॅस्प लावलेला दिसला तर ती जोडाजोड आहे, पुढे बघायची गरज नाही.

अमुक दिवशी तो शिपाई नक्की कुठे होता हेही या याद्या सांगत नाहीत. त्यासाठी डब्ल्यूओ 16मधली पगारपत्रकं लागतात, ती या संचात नाहीत. क्यूला स्वतः जावं लागतं किंवा पैसे देऊन कुणाकडून तरी पाहून घ्यावी लागतात. निवृत्तिवेतन मिळालेल्यांचे सेवेचे कागद डब्ल्यूओ 97मध्ये आहेत, पण ते फाइंडमायपास्ट या वेगळ्या संकेतस्थळावर, म्हणजे दुसरी वर्गणी.

मुंबई सैन्यातल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्यांनी इथे वर्गणी भरू नये. डब्ल्यूओ 100 हा मुख्यतः ब्रिटिश सैन्याचा दप्तरखाना. दुसऱ्या अफगाण युद्धात मैवंदला 66व्या फूटसोबत मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स लढल्या, पण तिथल्या देशी शिपायांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सकडेच जावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर वर्षाची वर्गणी घेऊ नका. तपासायची नावं आधी जमवा, एक महिना घ्या, पानं उतरवून ठेवा, सोबत डब्ल्यूओ 100मधला खंड क्रमांक लिहा आणि आपोआप होणारं नूतनीकरण लगेच बंद करा. इंग्लंडात राहणाऱ्यांना तेवढाही खर्च नाही: क्यूच्या वाचनकक्षात ॲन्सेस्ट्री फुकट आहे आणि तिथल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांतही. भारतात पदक मागवणाऱ्यांनी 1972चा पुरावस्तू कायदा आधी वाचावा, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनला परत विकू या हिशोबाने बोली लावत असाल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करा.